चौथं चाक बोलत नाही

३ जून

भाऊजी,

आशीर्वाद. फोन उचलला असतात तर तोंडी दिला असता. आठवडाभर लावतेय, वाजून वाजून बंद पडतो. मेसेज करावा तर तुमच्या त्या बटणांच्या डबड्यावर मराठीचे नुसते चौकोन दिसतात. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. अक्षर लागलं नाही तर भिंग लावा.

काम आहे म्हणून लिहितेय, हे आधीच सांगून टाकते. हे गेले त्याला आठ महिने झाले. तेवढ्या काळात तुम्ही एका शब्दाने चौकशी केली नाहीत. त्या दिवशीही आलात, दाराशी भिंतीला टेकून उभे राहिलात आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता निघून गेलात. सख्खा धाकटा भाऊ! ते माझ्या मनात आहे. मनात एक ठेवून वरून गोड बोलणं मला जमत नाही, हे तुम्ही माझ्या लग्नापासून बघताय. असो.

आता काम. तुमच्या दादांची विजेवरची गाडी. महिन्यापूर्वी तिच्या पडद्यावर एक पिवळा दिवा लागला आणि तेव्हापासून गाडी सुरू केली की ती ‘टिंग’ करून लिहिते, टायरमधली हवा कळत नाही. कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे नेली. तो म्हणाला, काकू, हवा ठीक आहे, हवा मोजणारे सेन्सर मेलेत. प्रत्येक चाकाच्या आत व्हॉल्व्हला जोडलेला एकेक असतो, त्याच्या पोटात सेल असतो, आणि तो सेल संपला की अख्खा सेन्सर फेकायचा. सगळे एकाच वयाचे, म्हणून पाठोपाठ गेले. शोरूममध्ये चौकशी केली. तिथल्या मुलीने चारांची जी किंमत सांगितली ती ऐकून मी म्हटलं, अहो, मला सेन्सर हवेत, आणखी एक गाडी नकोय. ती हसलीसुद्धा नाही.

आमचे चिरंजीव तिकडून सांगतात, आई, विकून टाक. वर्षअखेरीला येतोय, तेव्हा सोक्षमोक्ष लावू म्हणे. दिवा लागलेली गाडी त्याच्या मते भंगारच. त्याचं चूक नाही, लांबून त्याला काळजी वाटते. पण मला ती विकायची नाही, भाऊजी. त्रेपन्नाव्या वर्षी यांच्या शेजारी बसून, यांचा ओरडा खात मी त्या गाडीवर शिकले. आता या घरात माझं म्हणून हलणारं तेवढंच उरलंय. मात्र गावाबाहेर न्यायची छाती होत नाही. गाडीला स्टेपनी नाही आणि आवाजही नाही. टायर बसायला लागला तर हे कानाने ओळखायचे. मला दिव्याशिवाय कोण सांगणार?

तुमच्याकडे ठोकलेल्या गाड्या येतात. त्यातल्या एखाद्या चांगल्या गाडीचे सेन्सर निघाले तर योग्य भावात पाठवा. गाडीचं मॉडेल आणि साल मागे लिहिलंय.

तुमची वहिनी

---

१४ जून

ती. वहिनी,

नमस्कार. वाकायला गुडघे उरले नाहीत, उभ्याउभ्याच मानून घ्या.

फोनचं म्हणाल तर यार्डात पत्रा कापायचं मशीन दिवसभर चालू असतं, काही ऐकू येत नाही. राग धरू नका. त्या दिवसाबद्दल एवढंच लिहितो की मला बोलता आलं नाही.

सोबत चार सेन्सर आहेत. मागून ट्रकने ठोकलेली एक गाडी आली होती, तुमच्याच मॉडेलची. डिकी पार आत गेलेली, पण चाकं नव्यासारखी. गाडी वर्षाचीही नव्हती, त्यामुळे आतले सेल बरीच वर्षं चालतील. रबरी वॉशर मी चारांनाही नवे घातलेत. जुना वॉशर पुन्हा वापरायचा नाही, हवा गळते.

इंटरनेटवर याहून स्वस्त मिळतात. ते सगळे वाईट असतात असं नाही. पण सेन्सर ज्या लहरीवर बोलतो तीच लहर तुमच्या गाडीला ऐकू यायला हवी. दिसायला तस्सेच असतात, डबाही छान असतो, आणि गाडीला त्यांची हाक पोचतच नाही. प्रत्येक सेन्सरचा नंबर गाडीला सांगावा लागतो. टायरवाल्याकडे त्याचं छोटं यंत्र असेल, नसेल तर दुसरा टायरवाला बघा. मागचे टायर झिजले असतील तर दोन्ही कामं एकदमच करा, उतरवायची मजुरी वाचेल.

भावाचं विचारू नका. दादाच्या गाडीला लागतायत.

तुमचा,
भंगारवाला

---

२९ जून

भाऊजी,

पार्सल मिळालं. सोबत चिठ्ठीही होती, म्हणजे तुम्हाला लिहिता येतं हे सिद्ध झालं.

टायरवाल्याने सेन्सर हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिले आणि विचारलं, कुठून मिळवले? मी म्हटलं, आमचे भाऊजी आहेत या लाइनीत. सांगताना जरा बरं वाटलं. राग आहे तो आहेच, पण बरं वाटलं.

तीन चाकं बोलायला लागली. पडद्यावर आकडे उमटतात. मागचं डावं काही बोलत नाही, तिथे नुसत्या दोन रेघा. पिवळा दिवा आहे तसाच. तो चौथा सेन्सर परत पाठवतेय, बघा त्याला काय झालंय.

तुमचं जेवणाचं काय? यार्डातच राहता का अजून त्या वरच्या खोलीत? हे नेहमी म्हणायचे, त्याला दोनदा स्थळं आणली, दोन्ही वेळा गाडीखाली जाऊन झोपला. मी अजून दोघांचा भात लावते. कळतं, तरी हात मोजूनच मोकळा होतो. मग दुपारचंच रात्री खाते. एकटीने जेवताना फार लवकर उरकतं, भाऊजी. ताट धुऊन ठेवते तरी उजेडच असतो.

वहिनी

---

९ जुलै

ती. वहिनी,

सेन्सर मिळाला. इथे यंत्रावर लावून पाहिला, बोलतोय. तरी तुम्ही म्हणताय म्हणून दुसरा पाठवतो. हा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा आहे.

हो, वरच्या खोलीतच आहे. खाली गाड्या, वर मी. खिडकीतून दिसतात त्या सगळ्यांची तोंडं वाकडी. जेवण डब्यात येतं. डबेवाली बाई डबा ठेवते, कालचा रिकामा उचलते आणि जाते. मऊ भात सांगितलाय, दुसरं काही जात नाही. दातांचं वय झालं.

गिऱ्हाईकं येतात, त्यांना काय हवं ते बोटाने दाखवतात, मी काढून देतो. या धंद्यात फार बोलावं लागत नाही. लोकांना वाटतं मी शिष्ट आहे. वाटू दे.

दादा मला दर रविवारी हवा तपासून झाली की फोन करायचा, तुम्हाला माहीत होतं का? चारही टायरचे आकडे सांगायचा. मला त्या आकड्यांचं काय करायचं होतं? पण मी ऐकून घ्यायचो आणि म्हणायचो, मागच्या डाव्यात थोडी कमी आहे. कमी नसली तरी म्हणायचो. मग तो माझ्याशी भांडायचा. रविवार बरा जायचा.

लिहीत चला. पेपरपेक्षा तुमचं पत्र बरं असतं.

तुमचा,
भंगारवाला

---

३ ऑगस्ट

भाऊजी,

दुसराही बोलत नाही. परत पाठवतेय.

हे रविवारी गच्चीत जाऊन कोणाला फोन करतात हा मला वर्षानुवर्षं प्रश्न होता. विचारलं की म्हणायचे, टायरचं काम आहे. मी म्हणायची, टायरचं कसलं काम, तुम्ही काय बसडेपोत आहात? तर ते तुम्ही! तुमच्या पत्रातला तो भाग मी दोनदा वाचला. नंतर तोंड धुतलं.

पण आता जे लिहिणार आहे ते ऐका. काल रविवार होता. म्हटलं, यांच्याऐवजी आपण आकडे सांगावेत, तीन तर तीन. फोन लावला. या वेळी तुम्ही उचललात! मी ‘भाऊजी’ म्हटलं. मला तुमचा श्वास ऐकू आला, फुसफुस, व्हॉल्व्हमधून हवा निघावी तसा. मी तिन्ही आकडे सांगितले. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत आणि ठेवून दिलात. मशीनचा आवाज तर मुळीच नव्हता.

मला इतका राग आला की मी फोन गादीवर आपटला. जमिनीवर आपटायला परवडत नाही.

कागदावर इतकं गोड लिहिता आणि कानाशी आलं की मुके होता, याला काय म्हणायचं? वहिनीशी संबंध नको असेल तर सरळ लिहा. मी काही गळ्यात पडणारी बाई नाही. चिरंजीवांनी एक गिऱ्हाईक बघून ठेवलंय, फोटोही मागवलेत. देऊन टाकते गाडी म्हणजे सेन्सरही नकोत आणि पत्रंही नकोत.

वहिनी

---

७ सप्टेंबर

भाऊजी,

महिना होऊन गेला. पार्सल मिळालं का एवढं तरी कळवा. मागच्या पत्रात जरा जास्त बोलले. गिऱ्हाईकाला फोटो अजून पाठवलेले नाहीत. तुमची तब्येत बरी आहे ना?

वहिनी

---

१५ सप्टेंबर

ती. वहिनी,

उशीर झाला. तपासणीला गेलो होतो, तिथे ठेवून घेतलं. काळजीचं नाही म्हणाले. दोन गोष्टी लिहायच्या आहेत. सोपी आधी लिहितो.

आमच्या धंद्यात माल परत आला की पहिल्यांदा वॉशर बघतात. नट एकदा आवळला की रबरी वॉशर चपटा होतो, तो पुन्हा कधी गोल होत नाही. तुम्ही परत पाठवलेल्या दोन्ही सेन्सरांचे वॉशर मी घातले तसेच गोल आहेत. वहिनी, चौथा सेन्सर चाकात गेलाच नाही. पहिला परत आला तेव्हाच मला कळलं होतं. मी कळवलं नाही, कारण सेन्सर परत आला की त्याच्याबरोबर पत्र येत होतं. तुम्हीही त्याचसाठी परत पाठवताय असं मी धरून चाललो. खरं असो नसो, मला त्याने फार बरं वाटलं. तिसराही पाठवला असता, चौथाही.

दुसरी गोष्ट. मला आवाज नाही.

दादाचं शेवटचं आजारपण चालू होतं तेव्हाच माझा घसा बसला होता. त्या दिवशी तुमच्या दाराशी उभा होतो तेव्हा तोंड उघडलं तर नुसती हवा येत होती. तुमच्याजवळ येऊन काय करणार होतो? तुमच्यापुढे तसं तोंड उघडबंद करायची लाज वाटली. तुमच्या घरात तेव्हा एक दुःख पुरेसं होतं, त्यात माझा घसा कुठे आणू? नंतर ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं. आता गळ्याला भोक आहे आणि श्वास तिथून चालतो. तुम्ही ऐकलात तो तोच. दातांचं लिहिलं ते खोटं, मशीनचं लिहिलं तेही खोटं.

बोलायचं यंत्र दिलंय, गळ्याला लावायचं. एकदा लावून पाहिलं. तिसऱ्याच कुणाचा आवाज आला. ड्रॉवरमध्ये टाकलंय.

त्या रविवारी तुम्ही आकडे सांगत होतात. तिसरा आकडा झाल्यावर मला सांगायचं होतं की मागच्या डाव्यात थोडी कमी आहे. ओठांवर आलं होतं. मग ठेवून दिला, कारण रडताना या भोकातून फार विचित्र आवाज येतो आणि तो तुम्ही ऐकू नये असं वाटलं.

गाडी विकू नका, हे मी सांगणारा कोण? पण विकू नका.

तुमचा,
भंगारवाला

---

२१ सप्टेंबर

भाऊजी,

तुमचं पत्र उभ्याने वाचायला घेतलं आणि खाली बसले. मग उठून तुमच्या नावाने घर डोक्यावर घेतलं. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून मनसोक्त ओरडले. मूर्ख माणसा! दुःखाचा काय कोटा असतो का घरात? एक पुरेसं म्हणे! मी जवळजवळ वर्षभर तुम्हाला मनातल्या मनात लाखोली वाहत होते आणि तुम्ही तिकडे एकटेच मऊ भात गिळत होतात. ऑपरेशनच्या खोलीबाहेर कोण बसलं होतं तुमच्या? कोणीच नसणार. मी बसले असते. लोकर घेऊन आले असते, विणत बसले असते.

आता माझं ऐका. वॉशरचं तुमचं बरोबर आहे. प्रयोगशाळेत लोकांच्या रक्ताच्या बाटल्या तपासण्यात माझा जन्म गेला आणि माझी चोरी एका रबराने पकडली! पण कारण तुम्ही धरलंत ते अर्धंच आहे. पत्रांसाठी होतंच. नाही कशी म्हणू, पोस्टमनची वाट बघायला लागले होते. पण ते नंतर.

पहिल्या दिवशी टायरवाल्याने तीन सेन्सर बसवले आणि चौथा हातात घेतला तेव्हा मी विचारलं, हा बसला की टिंग बंद होणार का? तो म्हणाला, एकदम बंद, काकू, त्रास संपला. मी म्हटलं, मग तो राहू दे. तो माझ्याकडे बघतच राहिला.

तुम्हाला सांगते, कारण तुम्हाला हसू येणार नाही. सकाळी उठल्यापासून माझ्या घरात कशाचाही आवाज नसतो. यांचं खोकणं नाही, रेडिओ नाही, पेपरवरून वाद नाही. संध्याकाळी मी खाली जाते, गाडीत बसते आणि सुरू करते. कुठे जायचं नसतं. ती टिंग करते आणि मी म्हणते, हो गं बाई, माहितीये. दिवसभरात माझ्याशी आपणहून बोलणारं तेवढंच. ते पैसे देऊन कोण बंद करून घेईल? म्हणून चौथं चाक मुकं ठेवलं. वेडेपणा आहे. कळतो.

तर आता असं करायचं. चौथा सेन्सर परत पाठवा, मी बसवून घेते. या खेपेला खरंच. चिरंजीवांना कळवलंय की गिऱ्हाईकाला नाही म्हण, तुझ्या काकाकडे जायला मला गाडी लागणार आहे. पुढच्या महिनाअखेरीला येते. वाटेत एकदा चार्जिंगला थांबायचं, तेवढं मी जमवेन.

आणि येत्या रविवारनंतरचा रविवार, यांच्या वेळेला, फोन करते. उचलायचा. बोलायचं नाही. बोलायचं काम माझं, माझ्याकडे ते पुष्कळ आहे. तुम्ही टेबलावर पाना ठेवून द्या. हो असेल तर एकदा वाजवा, नाही असेल तर दोनदा. गळ्यातून कसलाही आवाज येऊ दे, मी ठेवणार नाही.

वहिनी

---

५ ऑक्टोबर

ती. वहिनी,

कालच्या फोनबद्दल लिहितोय.

सकाळपासून पाना टेबलावर ठेवला होता. मग वाटलं याचा आवाज फार मोठा येईल, तुमच्या कानाला लागेल, म्हणून बारीक पाना शोधला. मग वाटलं हा ऐकू जाणार नाही. तुम्ही फोन केलात तेव्हा टेबलावर सात-आठ पाने मांडलेले होते.

आधी तुम्ही नुसतंच ‘भाऊजी?’ म्हणालात आणि थांबलात. मी एकदा वाजवला. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि एकदम सुरू झालात. घराची गळकी टाकी, चिरंजीवांची नाराजी, टायरवाल्याने चौथा बसवला ते. गाडी सुरू केलीत, चार आकडे आले, दिवा गेला आणि टिंग झालं नाही. तरी तुम्ही थोडा वेळ वाट बघत बसलात. हे सांगताना तुम्ही हसलात, पण मला तुमचं हसणं जुनं माहीत आहे, ते हे नव्हे.

मग तुम्ही चारही आकडे वाचलेत, दादा वाचायचा तसेच, पुढच्या उजव्यापासून. आणि विचारलंत, मागच्या डाव्यात थोडी कमी आहे का? मी एकदा वाजवला. तुम्ही म्हणालात, काही कमी नाहीये, उगाच काहीतरी सांगता! आणि भांडायला लागलात. वहिनी, वर्षभरात माझ्याशी कोणी भांडलं नव्हतं.

शेवटी तुम्ही म्हणालात, बरं, ठेवते आता, तुम्हाला कामं असतील. तेव्हा मी तीनदा वाजवला. तुम्ही म्हणालात, तीन? हे काय नवीन काढलंत? तीनचं आपलं ठरलं नव्हतं. आणि हसत ठेवून दिलात.

चूक माझीच, आधी कळवायला हवं होतं. पुढच्या रविवारसाठी लिहून ठेवतो. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

तीन म्हणजे, ठेवू नका.

तुमचा,
भाऊजी